मागच्या बाजूची पांढरी फाक

सुपरमार्केटच्या दारात भोपळ्यांचा ढीग लागला की मी दुसऱ्या दाराने आत जातो. गेली तीन वर्षं हे असंच चाललं आहे. ऑक्टोबर संपत आला की लाकडी खोक्यांत पेंढा पसरतात, त्यावर नारिंगी भोपळे मांडतात आणि वर कागदाची लाल-पिवळी पानं लटकवतात. पानगळ म्हणजे काय हे इथल्या एकाही झाडाला माहीत नाही, पण दुकानांना अगदी तारखेनिशी माहीत असतं. पोरं आईबापांचे हात ओढत ढिगाकडे धावतात. बाप लोक ट्रॉली धरून उभे राहतात आणि "हा नको, तो घे, त्याचा देठ बघ किती छान आहे," असं म्हणतात. त्या बापांकडे मला फार वेळ बघवत नाही.

स्पष्टच सांगायचं तर मला हेवा वाटतो. हेवा हा शब्दही तसा सभ्य झाला. मी जळतो. माणूस दुसऱ्याच्या गाडीवर जळला, बंगल्यावर जळला तर लोक समजून घेतात. भोपळ्यावरून जळणाऱ्याने तोंड कुणाला दाखवायचं? त्यातून ते जळणंही परक्यावर नव्हतं, सख्ख्या धाकट्या भावावर होतं. म्हणून आजवर गप्प राहिलो.

इथला ऋतू डोळ्यांना कळत नाही, अंगाला कळतो. सहा महिने बंद असलेलं बाल्कनीचं दार एका संध्याकाळी उघडता येतं. एसी बंद केला की घरात एकदम शांतता होते आणि मग लक्षात येतं की इतके महिने आपण जरा ओरडूनच बोलत होतो. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी घरातली फोडणी, समोरच्या मोकळ्या जागेतलं क्रिकेट, शारजाच्या दिशेने तुंबलेल्या गाड्यांचे हॉर्न, सगळं एकाच वेळी घरात शिरतं. दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या घरात त्या दिवसापासून सगळ्यांचा मुक्काम बाल्कनीत हलतो.

सगळ्यांचा म्हणजे माझी बायको अश्विनी आणि मुलगी सई, या दोघींचा. मी तिथे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार एवढाच असतो. माझी नोकरी अबुधाबीकडे, मुसफ्फाच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये. अश्विनी दुबईत एका क्लिनिकच्या लॅबमध्ये. सईची शाळा घराजवळ. कुणी कुणासाठी काय सोडायचं यावर आमची दोन-तीनदा चर्चा झाली आणि दर वेळी ती त्याच ठिकाणी येऊन थांबली. मी आठवडाभर तिकडे खोली शेअर करून राहायचं आणि शुक्रवारी दुपारी कारलिफ्टने, म्हणजे चौघा-पाचजणांनी मिळून ठरवलेल्या गाडीने, घर गाठायचं. असे बाप इथे पुष्कळ आहेत. ड्रायव्हरने "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, म्हणायच्या आत आम्ही पट्टे लावून बसलेले असतो.

सई केजीत होती तेव्हा शाळेतून पहिल्यांदा ती चिठ्ठी आली. शरद ऋतूनिमित्त प्रत्येक कुटुंबाने मिळून एक भोपळा रंगवायचा. कापायचा, कोरायचा नाही, नुसता रंगवायचा. घरातल्या प्रत्येकाचा हात लागला पाहिजे, आणि भोपळ्यासोबत कुटुंबाचा एक फोटो पाठवायचा. अश्विनीला त्यातलं 'कापायचा नाही' हे फार आवडलं. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नसते. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं माझी आई म्हणते. घरातल्या पुरुषाने आधी सुरी लावून द्यायची, मग बाईने खुशाल चिरावा. अश्विनी दिवसभर लोकांच्या हातात सुया टोचून रक्त काढते, पण भोपळ्याच्या बाबतीत सासूबाईंचा शब्द मोडत नाही.

त्यामुळे आमच्याकडे त्या दिवसांत दोन भोपळे येऊ लागले, एक रंगवायचा आणि एक खायचा. खायचा भोपळा सोमवारी आणला तरी शुक्रवारपर्यंत फ्रिजवर बसून राहायचा. मी घरात शिरलो, हातपाय धुतले की अश्विनी सुरी आणि पाट पुढे सरकवायची. मी देठाजवळ सुरी खुपसायचो, मुठीवर तळहाताने एक दणका द्यायचो आणि भोपळा कर्रकन उकलायचा. ओला, गोडसर वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरायचा. काम जेमतेम दीड मिनिटाचं. पण चार-पाच दिवस या घरात काहीतरी माझ्यासाठी थांबलं होतं, हे मला त्या दीड मिनिटात कळायचं. मग घारगे व्हायचे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून आम्ही तिघं रंगवायला बसायचो. रंगवण्यालाही शिस्त असते. भोपळा ओल्या फडक्याने पुसायचा, कोरडा करायचा, मग सगळीकडून पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा, नाहीतर आतला नारिंगी वर डोकावत राहतो. तो पांढरा हात पुरता वाळेपर्यंत दम धरायचा. मला तो दम कधी धरवला नाही. दोन दिवसांची सुट्टी संपायच्या आत सगळं उरकायची सवय, त्यामुळे मी ओल्यावरच ब्रश चालवायचो आणि आमच्या भोपळ्याचे डोळे दर वर्षी गालांवर ओघळायचे. रंग वाळेपर्यंत इथल्या हवेतली बारीक धूळ त्यावर बसायची. सई त्यावरून बोट फिरवून म्हणायची, "बाबा, इट्स लाइक सँडपेपर." पण तो खरखरीत, रडक्या डोळ्यांचा भोपळा आमच्या तिघांचा असायचा आणि फोटोत मी मधोमध असायचो.

मग विनू आला.

विनू माझ्याहून दहा वर्षांनी लहान. डिप्लोमा केलेला, हातात कला, तोंडात साखर. साताऱ्याजवळच्या आमच्या गावाहून साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर तो नोकरी शोधायला आला, तो सप्टेंबरच्या अखेरीस. मीच बोलावलं होतं. विमानतळावर त्याच्या पाठीवर थाप मारून मी म्हणालो होतो, "आलास ना, आता मी बघतो." ते खोटं नव्हतं. त्या क्षणी तरी नव्हतं.

तो सकाळी इंटरव्ह्यूला जायचा आणि दुपारी सईची स्कूलबस यायच्या वेळेला खाली उभा असायचा. घरात बारीकसारीक गोष्टी बदलत होत्या. त्यांना त्या रोज थोड्या थोड्या दिसत असतील, मला मात्र शुक्रवारी एकदम दिसायच्या, म्हणून जास्त टोचायच्या. वर्षभर ठिबकणारा नळ बंद झाला. कपाटाचं दार करकरेनासं झालं. सईच्या दोन वेण्या रिबिनीसकट नीट बसायला लागल्या. सगळ्यात जिव्हारी लागलं ते तिचं बोलणं. मराठीत काही विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी एका शुक्रवारी मी आणलेला खाऊ बघून म्हणाली, "लय भारी!" तिने मराठी बोलावं म्हणून मी चार वर्षं जीव काढला होता. त्याने पंधरा दिवसांत बोलती केली, आणि तीही आमच्या गावची मराठी. मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" हे मी का विचारलं कोण जाणे. उत्तर मला माहीत होतं.

त्या वर्षी चिठ्ठी आली तो सोमवार होता. संध्याकाळी मी मुसफ्फाहून फोन केला.

"बाबा, वी स्टार्टेड!" सई ओरडली.

"आत्ताच कशाला? शनिवारी करू की आपण."

"नो बाबा, बेस कोट हॅज टू ड्राय फॉर वन फुल डे. काका सेज."

काका सेज. त्या आठवड्यात हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील! मंगळवारी काका सेज, ब्रश धुवून उलटा ठेवायचा नसतो. बुधवारी काका सेज, आधी फिका रंग, मग गडद. मी खोलीतल्या कॉटवर बसून "हो का? वा वा," म्हणत होतो. समोरच्या कॉटवरचा माझा रूममेट, तोही शुक्रवारचाच बाप, एकदा म्हणाला, "क्या हुआ भाई, घर में सब ठीक?" मी म्हणालो, "सब बढ़िया."

शुक्रवारी पोचलो तेव्हा भोपळा बाल्कनीत स्टुलावर ठेवला होता. खरं सांगतो, तसा भोपळा मी पाहिला नव्हता. विनूने त्याचा बेंदराचा, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याचा, सजवलेला बैल केला होता. भोपळ्याच्या प्रत्येक फाकेवर झुलीचा एकेक पट्टा, लाल, हिरवा, पिवळा. पट्ट्यांवर आरशांसारख्या रुपेरी टिकल्या. देठाभोवती बाशिंग. काही टिकल्या वेड्यावाकड्या होत्या, त्या सईच्या. खालची वेलबुट्टी अश्विनीची. रंग कुठे ओघळला नव्हता, कुठे धूळ बसली नव्हती. रोज वाळेपर्यंत त्यांनी तो आत, एसीत ठेवला होता.

"बाबा, लुक, धिस इज युवर्स." सईने भोपळा वळवला. मागच्या बाजूला एक फाक पांढरी सोडली होती.

ती त्यांनी प्रेमानेच सोडली असणार. आज मला ते कळतं. त्या दिवशी एवढंच दिसलं की माझ्या घरात माझ्या वाट्याला एक फाक आली आहे, आणि तीही भिंतीकडच्या बाजूची.

मी लाल रंग घेतला. ब्रशवर जास्तच घेतला गेला. रेघ ओढली ती खाली सुटली आणि शेजारच्या पिवळ्यावर घरंगळली. "बाबा! यू आर स्पॉइलिंग इट!" सई जवळजवळ रडायला आली. विनू म्हणाला, "अगं थांब की, असंच पायजे. बैल पळाया लागला की झुलीचा गोंडा असाच उडतो." त्याने माझ्या हातातून हळूच ब्रश घेतला, दोन फटकारे मारले, आणि त्या ओघळाचा खरोखरच उडता गोंडा झाला. सईने टाळ्या वाजवल्या. अश्विनी म्हणाली, "भाऊजी, कमाल आहे हं तुमची!" मीही टाळ्या वाजवल्या. माझी चूकसुद्धा त्याने माझी ठेवली नाही.

हे मला नवं नव्हतं. गावाकडे बेंदराला आमच्या बैलांची शिंगं अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वतः रंगवायचे. मी थोरला, माझं काम वेसण धरून बैलापुढे उभं राहायचं. माझ्या हातात बैल शांत उभा राहतो, असं अण्णा सगळ्यांना सांगायचे, आणि त्या कौतुकावर मी कैक वर्षं काढली. तोंडावर बैलाचा गरम श्वास, पायाशी शेणाचा आणि तेलाचा वास, आणि नजर मात्र अण्णांच्या हातातल्या ब्रशवर. मला वाटायचं, पुढच्या वर्षी ब्रश माझ्याकडे येईल. मी कॉलेजात गेलो, त्या वर्षी अण्णांनी ब्रश आठ वर्षांच्या विनूच्या हातात दिला. "ह्याचा हात बघ रं कसा चालतोय," असं ते मलाच म्हणाले. मी वेसण धरून उभाच होतो. बैलाने मान हलवली तशी मी ती जरा जोरातच ओढली. बिचाऱ्या जनावराचा काय दोष होता?

त्या भोपळ्याला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. फोटो मी यायच्या आधीच, गुरुवारी, पाठवून झाला होता, कारण फोटोची शेवटची तारीख तीच होती. मधोमध सई, एका बाजूला अश्विनी, दुसऱ्या बाजूला विनू. वर्गशिक्षिकेने सगळ्या पालकांच्या ग्रुपवर तो टाकला आणि खाली लिहिलं, सईच्या कलाकार वडिलांचं खास अभिनंदन. अश्विनीला हसू आवरेना. विनू मात्र कानापर्यंत लाल झाला. "वहिनी, मॅडमना आधी कळवा हो. दादाला काय वाटंल?" तिने कळवलं, मॅडमनी माफी मागितली, दोन हसरे चेहरेही पाठवले. मला काय वाटलं ते मी दाखवलं नाही. दात दिसतील एवढा हसलो आणि म्हणालो, "चला, फुकटात कलाकार झालो."

इथवर सगळं पोटात होतं. नाराज बाप, रुसका मोठा भाऊ, एवढंच. पुढच्या बुधवारी मात्र ते पोटातून बाहेर पडलं.

खायचा भोपळा तेव्हा फ्रिजवरच होता. बक्षिसाच्या गडबडीत आधीच्या शुक्रवारी तो कापायचा राहून गेला होता. या शुक्रवारी कापू, असं मी स्वतः म्हणालो होतो. संध्याकाळी फोन केला तर सईचं तोंड भरलेलं. "बाबा, वी आर ईटिंग घारगे!"

"कुठले घारगे?"

"आपला पंपकिन! काका कट इट."

अश्विनीने फोन घेतला. "अहो, देठाकडून मऊ पडायला लागला होता. शुक्रवारपर्यंत टिकला नसता. बरं झालं भाऊजी होते, लावली त्यांनी सुरी. नाहीतर मी कुणाला बोलावणार होते, वॉचमनला?" ती हसली.

तिच्या बोलण्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. भोपळा मऊ पडला होता. घरात पुरुष हवा होता. घरात पुरुष होता. मी "बरं केलंत" म्हणालो आणि फोन ठेवला. खिडकीतून समोर गोदामांचे पत्रे आणि त्यांच्यावरचे पिवळे दिवे दिसत होते. बक्षीस गेलं, फोटो गेला, पोरीची मराठी गेली, त्या सगळ्याचं मी काहीतरी करून घेतलं असतं. पण ते दीड मिनिट माझं होतं. तेवढंच त्या घरात माझं होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, आमचा मॅनेजर स्टोअरमध्ये आला. "तुम्हारा भाई इधरिच है ना? वर्कशॉप में एक वेकन्सी निकला है. सीव्ही भेजो आज, मैं बात करता हूँ." भला माणूस. मी महिनाभर त्याच्या मागे लागलो होतो. विनूचा सीव्ही माझ्या फोनमध्येच होता. दोन वेळा अंगठा फिरवला असता की काम झालं असतं.

मी म्हणालो, "सर, वो वापस जा रहा है. गाँव में थोड़ा प्रॉब्लेम है."

"अरे! सीरियस?"

"इन्शाल्ला, ठीक हो जाएगा."

किती सहज म्हणालो! देवाचं नावसुद्धा घेतलं. मग रजिस्टर उघडून व्हॉल्व्हची डिलिव्हरी तपासत बसलो. शुक्रवारी घरी गेलो तेव्हा अश्विनीने डब्यात माझ्यासाठी घारगे काढून ठेवले होते. विनू समोर बसला होता. मी एक खाल्ला आणि म्हणालो, "गूळ जास्त झालाय."

नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा व्हिसा संपला. तो परत गेला. विमानतळावरून येताना सई मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून बसली होती. मला वाटलं, चार दिवस रडेल, मग घर पुन्हा पहिल्यासारखं होईल. पुढच्या ऑक्टोबरला मी मुद्दाम दोन दिवस रजा टाकली, चांगले ब्रश आणले, पांढरा रंग पूर्ण दिवस वाळू दिला. सई तासभर बसली. रंगवलं तिने, पण मन लावून नाही. मग ब्रश पाण्यात ठेवत म्हणाली, "इट्स ओके बाबा, यू फिनिश." त्याच्या पुढच्या वर्षी शाळेची चिठ्ठी आली तेव्हा ती म्हणाली की हे सगळं लहान मुलांचं असतं. आणि अश्विनी आता अख्खा भोपळा आणतच नाही. सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, कापलेल्या फोडी मिळतात, त्या आणते. सोमवारी आणते, सोमवारीच भाजी करते. ती सहज म्हणाली, "कशाला उगाच कुणासाठी थांबायचं." माझ्या मनात आलं तसा तिच्या बोलण्यात काही अर्थ नसेलही.

विनूला साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली. सकाळची पाळी, चार वाजता घरी. गेल्यावर पाच-सहा महिन्यांत त्याचं लग्न झालं. मीरा, त्याची मुलगी, आता दीड वर्षाची आहे. या महिन्यात त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. अंगणात भोपळा आहे, पांढरा हात दिलेला. मीराचे दोन्ही पंजे लाल रंगात बुडवलेले आणि ती ते भोपळ्यावर थाप थाप उमटवते आहे. बेंदराला बैलाच्या अंगावर उमटवतात तसे. विनू मागे उकिडवा बसून तिला काखेत धरून आहे. ऊन तिरपं पडलं आहे. पाच वाजले असतील फार तर. मंगळवार होता तो. मंगळवारी पाच वाजता माणूस आपल्या मुलीचे हात रंगवत बसला आहे!

मुसफ्फातल्या जेवणाच्या सुट्टीत मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला. मी त्याला इथून हाकलला होता, आणि मला जे हवं होतं तेच नेमकं त्याच्या पदरात जाऊन पडलं होतं. त्याच्यावर अन्याय मी केला आणि त्याबद्दल जळतोही मीच. याला काय म्हणायचं?

त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "दादा, तिकडं काय बघतोस का रे? हितं आता भागंना. पोरीचं पुढं शाळा-बिळा आहे." आणि योगायोग असा की वर्कशॉपला पुन्हा जागा निघाली होती. नवा सीव्ही त्याने लगेच पाठवला. दोन दिवस तो माझ्या फोनमध्ये पडून राहिला. दाबून ठेवला तर ते भावावरचं प्रेम, त्याने पोरीजवळ राहावं म्हणून, की तोच जुना मत्सर? पाठवला तर ती मदत, की त्यालाही एकदाचं माझ्यासारखं करून टाकायची हौस? मी प्रामाणिकपणे शोधलं. मला सांगता येईना.

शेवटी रविवारी सकाळी, अश्विनी आणि सई बाजारात गेल्यावर, मी त्याला फोन लावला. नमस्कार-चमत्कार झाले नाहीत.

"विनू, मागच्या वेळीही जागा होती. मॅनेजरने तुझा सीव्ही मागितला होता. मी दिला नाही. तू परत चाललायस म्हणून सांगितलं."

पलीकडे मीरा कडेवर असावी. तिची बडबड अगदी फोनजवळ ऐकू येत होती.

"का रे दादा?"

"तू भोपळा कापलास म्हणून."

तोंडातून निघाल्यावर ते वाक्य मलाच हास्यास्पद वाटलं. चाळिशीचा माणूस, आणि कारण काय तर भोपळा. तो हसेल असं वाटलं. तो हसला नाही. भोपळ्याला सुरी कोण लावतं हे त्यालाही त्याच आईने शिकवलं आहे. "थांब," तो म्हणाला. "हिला खाली ठेवतो." पैंजण वाजले, दाराची कडी वाजली, मग त्याचा आवाज जरा मोकळ्या हवेतून आला.

"दादा, वहिनी हितं येती तवा सगळ्यांना सांगती, ह्यांनी भाऊजींसाठी किती धडपड केली म्हणून. आईला पण तेच म्हाईत आहे. ते तसंच राहू दे. मी कुणाला बोलणार नाही."

"विनू, मी..."

"आणि सीव्ही पाठव. ह्या वेळी पाठव."

त्याने फोन ठेवला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. निदान कुठेतरी तो माझ्यापेक्षा लहान ठरला असता. माफ करायचा हातही त्याचाच चांगला निघाला.

मी सीव्ही पाठवला. सोमवारी मॅनेजर म्हणाला, "खलास, भाई को बोलो बॅग भरो." आता विनू येईल, मुसफ्फात माझ्याच खोलीत राहील, आणि मीरा त्याला फोनच्या पडद्यावर वाढताना दिसेल. मी तर दर शुक्रवारी घरी जातो. त्याला वर्षातून एकदा जायला मिळेल. या विचाराने मला फार वाईट वाटलं, रात्रभर वाटत राहिलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी कुठेतरी थोडं बरंही वाटलं. हे बरं वाटणं मी विनूला सांगितलेलं नाही.